जिन बंद पडलं? घाबरू नका! नवशिक्या बेकारांसाठी सुलभ मार्गदर्शिका

खामगाव, मलकापूर, नांदुरा किंवा देऊळगाव राजाच्या एखाद्या जिनात आपण रुईच्या गाठी बांधत होता आणि यंदा दसरा उलटला तरी मुकादमाचा फोन आला नाही? मग आपलं अभिनंदन. आपण आता आंतरराष्ट्रीय व्यापारात उतरलात.

आधी कारण समजून घ्या, म्हणजे उगाच शेठला शिव्या जाणार नाहीत. 18 ऑगस्ट 2025 ला केंद्र सरकारने कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क माफ केलं आणि दुसऱ्या दिवशी ही माफी लागूही झाली. मुदत आधी 30 सप्टेंबर होती. दहा दिवसांत ती 31 डिसेंबरपर्यंत वाढली. म्हणजे ऐन सीझनला हात घातला. बाहेरून येते ती सरकी काढलेली, गाठ बांधलेली रुई. तिला ना आपला रेचा लागतो, ना आपला प्रेस. अमेरिकेने आपल्या कापडावर 50 टक्के शुल्क बसवलं, म्हणून गिरण्यांना स्वस्त रुई हवी होती. गिरणीतही माणसंच राबतात, तेव्हा तक्रार मोठ्या मनाने आवरावी.

आता मदत. अमेरिकेत आयातीमुळे काम गेलेल्यांना भत्ता आणि प्रशिक्षण देण्याची सोय 1962 पासून होती. 1 जुलै 2022 पासून तिथेही नवे अर्ज घेणं बंद झालं, त्यामुळे हळहळण्याचं कारण नाही. आपल्याकडे 1986 साली बंद पडलेल्या खासगी कापड गिरण्यांच्या कामगारांसाठी निधी निघाला: पहिल्या वर्षी पगाराच्या 75 टक्के, मग 50, मग 25. पण जिन म्हणजे कापड गिरणी नव्हे. शिवाय ती योजना 2017 मध्ये दुसऱ्या योजनेत विलीन झाली.

त्या दुसऱ्या योजनेचं नाव राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना. तिच्याच जोडीला 2018 पासून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे. काम सुटलेल्याला 90 दिवसांपर्यंत सरासरी मजुरीच्या निम्मी रक्कम! आधार, पासबुक, प्रतिज्ञापत्र काढून ठेवा. फक्त त्याआधी एक क्षुल्लक बाब तपासा. दोन्ही योजना कर्मचारी राज्य विम्याच्या आहेत आणि 1948 चा विमा कायदा हंगामी कारखान्यांना लागू नव्हता. हंगामी म्हणजे कोण, याची यादी त्या कायद्यातच दिली होती आणि तिचा आरंभच कापसाच्या जिनिंगने होतो. पाठोपाठ प्रेसिंग. (पुढे नीळही आहे, म्हणजे यादी किती ताजी ते कळावं.) 2020 च्या नव्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही ही यादी जपून ठेवली. विम्यात आपण कधी नव्हताच, तेव्हा आता बाहेर पडण्याचा त्रास वाचला.

कामगार कपातीची भरपाई मागून पाहा. दर वर्षाच्या नोकरीमागे 15 दिवसांचा पगार मिळतो, पण त्यासाठी वर्षात 240 दिवस भरावे लागतात. दसऱ्यापासून होळीपर्यंत कितीही राबलात तरी तो आकडा गाठणं अवघड. कपातीच्या नव्या कायद्यात कौशल्यवाढीच्या निधीतून आणखी 15 दिवसांचा पगार 45 दिवसांत खात्यात टाकायची तरतूद आहे. तीही कपात झालेल्यांसाठी. आपली कपात कुठे झाली? आपल्याला कुणी काढलेलं नाही. बोलावलं नाही, एवढंच.

तरीही अर्ज द्यायचाच असेल, तर खामगावहून एसटी पकडून बोथा घाटाने बुलढाण्याला जा आणि सरकारी कामगार अधिकाऱ्यांचं कार्यालय गाठा. अर्जात 'आयातीमुळे काम गेलं' असं लिहू नका. आयातीमुळे काम गेलेल्यांसाठी आपल्याकडे वेगळी योजनाच नाही. ज्या रकान्यात आपण बसत नाही, त्याच्या कडेला सही करावी आणि पोच घ्यावी.

आता थट्टा पुरे. हंगामी कामगाराला उपदान (ग्रॅच्युइटी) मिळतं: दर हंगामाला 7 दिवसांचा पगार. अट पाच वर्षांची आहे, पण तिथे 240 दिवस लागत नाहीत. जिन जितके दिवस चाललं, त्यातले 75 टक्के दिवस हजेरी असली तरी ते वर्ष सलग धरतात. म्हणून मुकादमाच्या वहीतल्या आपल्या हजेरीच्या पानाचा फोटो दर महिन्याला काढून ठेवा आणि हे पैसे लेखी मागा.