निळ्याचा हट्ट

सरकारी कागदांत बुलढाणा जिल्ह्याचे तेरा तालुके आहेत. माणसांच्या बोलण्यात मात्र जिल्ह्याचे भाग दोनच, घाटावर आणि घाटाखाली. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार हे घाटावरचे. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव घाटाखालचे. घाटावरच्यांना वाटतं आपली हवा चांगली, घाटाखालच्यांना वाटतं आपली बाजारपेठ चांगली, आणि दोघांचंही खरं असल्यामुळे हा वाद मिटायचं काही कारण नाही. "पोरगी घाटाखाली द्याची तं आधी तिकडचा उन्हाळा पाहून या बाप्पा," असं म्हणणाऱ्या आज्या अजून आहेत. अलीकडे हीच काळजी एका झाडाबद्दल ऐकू येते. हायड्रेंजियाबद्दल.

हे झाड इकडचं नाही, हे पाहताक्षणी कळतं. तळहाताहून रुंद, कातरलेल्या कडांची, चकचकीत पानं. आणि त्यावर फुलकोबीच्या गड्ड्याएवढा गुच्छ. त्या गुच्छात आपण ज्यांना पाकळ्या म्हणतो त्या पाकळ्या नसतातच. निदलं मोठी होऊन रंगलेली असतात, आणि खरं फूल मधोमध टाचणीच्या डोक्याएवढं, कोणी विचारलं तरच दिसणारं. म्हणून गुच्छ आठवडेच्या आठवडे टिकतो. पाकळी असती तर गळून गेली असती. निदल गळत नाही, नुसतं हळूहळू हिरवट होत जातं.

वास जवळजवळ नाहीच. गजऱ्यात ओवता येत नाही. देवाला वाहायचं का, यावर आमच्या गल्लीत एकदा रीतसर चर्चा झाली, तेव्हा शेजारच्या काकूंनी निकाल दिला, "वास नाई त्याले. देवाले तरी काय समजन का फूल वाह्यलं म्हनून?" शेळीपुढेही टाकायची सोय नाही, कारण पानांत सायनाइड सोडणारी द्रव्यं असतात. पूजेला नाही, वेणीला नाही, भाजीला नाही, गुराला नाही. विदर्भात एवढं निरुपयोगी झाड इतक्या निगुतीनं कोणी वाढवत असेल तर त्याला वेड हाच शब्द लावावा लागतो, आणि मी तो कौतुकानं लावतो आहे.

या वेडाचं मूळ निळ्या रंगात आहे. चित्रात हायड्रेंजिया निळा असतो. उटी-मुन्नारहून परतलेल्यांच्या फोटोत तो निळा असतो. नर्सरीतून आणला तेव्हाही बहुधा निळा असतो. मग पुढच्या वर्षी तो जरा जांभळट येतो आणि त्याच्या पुढच्या वर्षी ठार गुलाबी. "फसोलं नर्सरीवाल्यानं," असं दर वर्षी कोणीतरी म्हणतं. नर्सरीवाल्याचा यात काडीचा दोष नाही. दोष असलाच तर मातीचा, आणि त्या मातीचा दोष काढायची हिंमत कपाशी पिकवणाऱ्या जिल्ह्यात कोणी करू नये.

झाडातलं रंगद्रव्य एकच आहे. त्याला अ‍ॅल्युमिनियम मिळालं की फूल निळं, नाही मिळालं की गुलाबी. अ‍ॅल्युमिनियम आपल्या काळ्या मातीतही भरपूर आहे, पण ते मुळांना मिळायला माती आंबट लागते. मातीचा सामू साडेपाचच्या खाली असला की ते विरघळतं. साडेसहाच्या वर गेला की कुलूपबंद होतं. आपली चुनखडीची काळी माती साडेसात-आठवर सुखानं बसलेली. गंमत अशी, की महाबळेश्वर आणि बुलढाणा एकाच लाव्ह्यावर उभे आहेत. फरक पावसाचा. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तो मातीतला चुना धुऊन नेतो आणि मागे लाल, आंबट माती उरते. आमच्याकडे सात-आठशे मिलिमीटर पडतो, तोही पडला तर. चुना जागच्या जागी.

त्यात हा लोणारचा जिल्हा. उल्केच्या आघातानं झालेल्या विवरातलं ते खारं पाणी सामूच्या मोजपट्टीवर दहाच्या आसपास जातं. जून 2020 मध्ये ते तळं चक्क गुलाबी झालं होतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं पाणी तपासून सांगितलं की हा मिठात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा रंग आहे. त्याचा हायड्रेंजियाच्या गुलाबीशी संबंध नाही, हे मला कळतं. पण जिथे अख्खं तळं गुलाबी होऊन दाखवतं, तिथे बाल्कनीतल्या कुंडीनं निळ्याचा हट्ट धरावा, हे जरा धाडसाचंच.

सी. जे. ई. अलेक्झांडर नावाचा इंग्रज अधिकारी लोणारच्या विवरापाशी पोचला ते साल 1823. त्याच साली फिलिप फ्रांझ फॉन सीबोल्ड हा जर्मन डॉक्टर जपानमध्ये नागासाकीजवळच्या देजिमा बेटावर उतरला. सीबोल्डला वनस्पतींचं वेड होतं. तिथे कुसुमोतो ताकी नावाच्या स्त्रीबरोबर त्याचा संसार झाला, मुलगी झाली; आणि 1829 मध्ये, निषिद्ध नकाशे जवळ बाळगले म्हणून त्याला जपानमधून घालवून देण्यात आलं. बायको-मुलगी मागे राहिल्या. युरोपात परतल्यावर त्यानं जपानी हायड्रेंजियाच्या एका प्रकाराला ताकीच्या नावावरून 'ओताकुसा' असं नाव दिलं. शास्त्रात ते टिकलं नाही, कारण थुनबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञानं या झाडाची नोंद 1784 मध्येच करून ठेवली होती. नागासाकी शहराचं फूल मात्र आजही हायड्रेंजिया आहे. ही गोष्ट मी गल्लीत सांगितली. बायकांचे डोळे ओलावले. पुरुषमंडळींपैकी एकानं एवढंच विचारलं, की त्याचं तिकडे निळं यायचं का.

यायचं. तिकडची मातीही ज्वालामुखीचीच, पण पावसात धुतलेली.

तर मग उपाय. पहिला मान तुरटीला. दाढीच्या डब्यात, पाण्याच्या माठापाशी अशी जी तुरटी पिढ्यान्‌पिढ्या घरात पडून असते, तिच्यात अ‍ॅल्युमिनियम असतं, हे कळल्यापासून तिचा भाव वाढला आहे. तुरटीचं पाणी, आंबट ताक, पिळलेल्या लिंबाच्या साली, गंजके खिळे, असा सगळा नैवेद्य कुंडीला दाखवला जातो. खिळ्यांनी काही होत नाही. ताकानं मुंग्या येतात. तुरटीत थोडं तथ्य आहे, पण मातीतली चुनखडी तिचा आंबटपणा खाऊन टाकते आणि आपण वरून बोअरचं जड पाणी घालून उरलेसुरले श्रमही मातीत घालतो. जास्त तुरटी घातली तर मुळं जळतात, ते वेगळंच. पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, की एखादे शेतकरी काका कुंपणावरून सांगतात, "हिराकस टाका. संत्र्याले टाकतो तसं." हा सल्ला बरोबर असतो, आणि फुकट मिळतो म्हणून कोणी मनावर घेत नाही.

एका घरी जावई कोकणात फिरायला गेले होते. येताना आंबे आणले नाहीत, लाल मातीची गोणी आणली. सासूबाई अजून सगळ्यांना सांगतात. त्या मातीत पहिल्या बहरात फूल निळं आलं, बघायला लोक चिखलीहून आले, चहाच्या साखरेचा खर्च झाला. दुसऱ्या बहरात नळाच्या पाण्यानं आपलं काम केलं. आता ते फूल अशा रंगाचं येतं, की घरातली एक बाजू त्याला निळं म्हणते आणि दुसरी बाजू जेवायला बसते.

माझं मत विचाराल तर गुलाबी राहू द्यावं. आपल्या घरी आलेल्यानं आपलं पाणी प्यावं आणि तरी रंग मुन्नारचा दाखवावा, ही अपेक्षा जरा जास्त आहे. पण हे मत आमच्याकडे कोणी विचारत नाही.

खरी परीक्षा मे महिन्यात. बुलढाणा सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवर; तिथे पूर्वेच्या भिंतीशी, सकाळचं कोवळं ऊन आणि दुपारी सावली अशी जागा साधली तर झाड उन्हाळा काढतं. राजूर घाट उतरून मलकापूरकडे गेलात की गणित बदलतं. त्याहून खाली, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात, माणसांनाच प्यायला गोडं पाणी शोधावं लागतं. तिथे या झाडाचं नाव काढणंसुद्धा बरं दिसत नाही. तरी लोक लावतात. दुपारी पानं मान टाकतात, घरातलं कोणीतरी कळवळून पाणी ओततं, संध्याकाळी पानं आपोआप उभी राहतात आणि श्रेय पाण्याला जातं. अशा मायेनंच मुळं कुजतात. कोणी कुंडी कूलरसमोर ठेवतं. कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणीही तिलाच घालतं. ते पाणी तर रोज अधिकच खारं होत जातं, कारण उडून जातं ते पाणी आणि उरतो तो क्षार. त्यापेक्षा ज्याच्याकडे एसी आहे त्याच्या नळीतून ठिबकणारं पाणी चांगलं, त्यात क्षार नाहीत. त्यामुळे घाटाखाली काही घरांत एसी कोणासाठी चालू आहे हे विचारू नये.

यातून एक शहाणी रीत निघाली आहे. अक्षय तृतीयेच्या सुमाराला, भेंडवळच्या घटमांडणीत पाऊस कसा सांगितला याची विचारपूस चालू असते तेव्हाच, घाटाखालच्या कुंड्या वर येऊ लागतात. नणदेकडे, आत्याकडे, जुन्या भाडेकरूकडे. "माहेरी आली," असं म्हणूनच त्यांना उतरवून घेतात. मृगाचा पाऊस लागला की पाठवणी. पाठवणीच्या वेळी कुंडी आली तेवढीच परत जात नाही. सांभाळणाऱ्या घरी दोन काड्या मागे राहतात. ही मजुरी कोणी ठरवली नाही आणि कोणी नाकारतही नाही.

फूल न येण्याचं सर्वांत मोठं कारण मात्र ऊनही नाही, मातीही नाही. ते म्हणजे दिवाळी. पावसाळा संपता संपता हे झाड जुन्या फांद्यांच्या शेंड्यांत पुढच्या फुलाची कळी धरू लागतं, आणि नेमकी तेव्हाच घराची साफसफाई निघते. जाळी-जळमटं झाली, माळा झाला, आता अंगण. कोणीतरी कात्री घेऊन बाहेर येतं आणि सगळं कसं एकसारखं, नीटनेटकं करून टाकतं. पुढच्या उन्हाळ्यात पानंच पानं. छाटायचंच असेल तर बहर ओसरल्या ओसरल्या छाटावं, नंतर हात लावू नये. गल्लीत ज्यांचं घर जरा अस्ताव्यस्त आहे त्यांच्याकडेच गुच्छ जास्त येतात, ही गोष्ट टापटिपीच्या घरांना अजून नीट पचलेली नाही.

काडी लावणं सोपं आहे, आणि हा उत्साह पसरायचं निम्मं कारण तेच. पावसाळ्यात बिनफुलाची कोवळी फांदी डोळ्याच्या खाली कापायची, खालची पानं काढायची, वरची मोठी पानं अर्धी कातरायची, रेती-कोकोपीटमध्ये खोचून सावलीत ठेवायची. तीन-चार आठवड्यांत मुळं धरतात. ओल्या फडक्यात गुंडाळलेली काडी एसटीनं मेहकरपर्यंत मजेत जाते. संक्रांतीला वाण म्हणून प्लास्टिकच्या डब्यांऐवजी रोपं लुटायची पद्धत आता रुळली आहे. त्यात तुळस, कोरफड यांच्या जोडीला यंदा याचीही पिशवी होती, आणि ती कोणाच्या हाती लागली याची बातमी तिळगुळाआधी पोचली.

देण्यामागे नुसतं औदार्य आहे असं समजू नये. आपलं झाड मे महिन्यात गेलं तर ज्याला काडी दिली त्याच्याकडून परत मागता येते. बँकेत ठेवलेल्याची इतकी खात्री आमच्या गल्लीत कोणाला नाही. म्हणून जी बाई काडी द्यायला कांकू करते, तिचंच झाड पहिलं जातं, आणि मग ती दारोदार फिरते तेव्हा लोक देतात, पण आधी चहा होऊ देतात.

सध्या नवी खबर पांढऱ्याची आहे. पांढऱ्या जातीत ते रंगद्रव्यच नसतं, त्यामुळे माती आंबट असो की खारी, तुरटी घाला की ताक, ते पांढरंच येतं. एवढं ऐकून निळ्याचे कट्टर भक्तही विचारात पडले आहेत. असं एक रोप चिखलीच्या मामींकडे आहे म्हणतात. श्रावणात त्याच्या पाच काड्या निघतील असा त्यांचा अंदाज आणि आजवर नावं आली आहेत अकरा. त्यांनी वही केली आहे. घाटाखालच्यांना मागे ठेवलं म्हणून तिकडून रुसवे सुरू झालेत, आणि मामींचं म्हणणं आहे, "आधी कूलर बंद करा, मग नाव लिवतो."