दया कळविण्यात आली आहे

नाशिकच्या द्वारका चौकात मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुणे रस्ता एकमेकांना भेटतात, आणि एकदा भेटले की बराच वेळ हलत नाहीत. डोक्यावर उड्डाणपूल आहे, पायाखाली पादचाऱ्यांसाठी बांधलेला भुयारी मार्ग आहे, आणि पादचारी मात्र या दोहोंच्या मधून, रिक्षा आणि ट्रॅव्हल्सच्या बंपरमधल्या फटीतून जातात. त्या फटीची सर्वांत चांगली माहिती चौकातल्या कुत्र्यांना. तरी एखाद्याचा अंदाज चुकतो, पायावरून चाक जाते आणि द्वारकेला दयेचा पाझर फुटतो.

पाझराची पद्धत ठरलेली आहे. दहाबारा जण गाड्या आडव्यातिडव्या लावून थांबतात. निम्मे चित्रीकरण करतात. एक जण कळवळून बिस्किटाचा पुडा फोडतो. पाय मोडलेल्याला प्रथम पार्ले-जी द्यावे, असे वैद्यकशास्त्र आपल्याकडे सर्वमान्य आहे. मग कुणीतरी प्राण्यांच्या निवाऱ्याला फोन लावतो.

‘‘कुत्रं पडलंय. लगेच या.’’

‘‘नक्की कुठे?’’

‘‘द्वारकेला. पुलाखाली.’’

‘‘पूल काही किलोमीटर आहे, साहेब. आम्ही येईपर्यंत थांबाल का तिथे?’’

‘‘मी कसा थांबणार? मला कामं आहेत.’’

निवाऱ्याची गाडी निघते आणि वडाळा नाक्याच्या अलीकडेच अडकते, कारण पुढे दयाळू मंडळींनी रस्ता अडवलेला असतो. तोवर फोन करणाऱ्याचे स्टेटस झळकलेले असते : ‘माणुसकी मेली आहे का?’ कुत्रे मात्र अजून जिवंत असते.

नाशिकमध्ये ‘शरण फॉर ॲनिमल्स’सारख्या संस्था आणि स्वतःच्या पेट्रोलने धावणारी काही मुलेमुली आहेत. बाकी शहराने श्रमविभागणी करून टाकली आहे : दया आम्ही करू, जनावर तुम्ही सांभाळा. पावसाळ्यात जखमेत पडलेल्या अळ्या एकेक करून चिमट्याने काढाव्या लागतात, त्या वासात दयेचे काय काम?

मांजरांच्या बाबतीत तर आपण पुष्कळ सुधारलो. आजोबांच्या काळी मांजर पोत्यात घालून नदीपलीकडे सोडत, आणि आजोबा घरी पोचण्याआधी मांजर ओट्यावर हजर असे. आता पिल्ले मिक्सरच्या रिकाम्या खोक्यात घालून पहाटे निवाऱ्याच्या फाटकाशी ठेवतात. वर चिठ्ठी : ‘काळजी घ्या. मुलांचा फार जीव आहे.’ आईवेगळ्या पिल्लाला दर दोनतीन तासांनी बाटलीने दूध पाजायचे आणि ओल्या कापसाने पुसून त्याला शू करायला लावायचे, असे आठवडेच्या आठवडे चालते. जीव असलेली मुले तोवर दुसरा मिक्सर बघत असतात.

कायद्याचे म्हणाल तर तो साधा आहे. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांप्रमाणे भटके कुत्रे पकडायचे, नसबंदी करायची, रेबीजची लस टोचायची, ओळखीसाठी कानाला खाच पाडायची आणि जिथून उचलले तिथेच सोडायचे. जागा मोकळी ठेवली की बाहेरची, लस न टोचलेली कुत्री येऊन बसतात, म्हणून. चावण्याची भीती खोटी नाही. शाळेतून एकट्याने येणाऱ्या पोराला टोळक्याने घेरले की त्याला नियमावली वाचून दाखवता येत नाही. पण त्यावर चालण्यासारखा उपाय हाच, आणि तोही सगळ्या वस्तीत नेटाने केला तर. सोसायटीचे म्हणणे मात्र एकच : ‘‘नेलंत ते उत्तम. परत कशाला आणलंत?’’

गेल्या वर्षी सर्वोच्च न्यायालयानेही यात बरेच कष्ट घेतले. ११ ऑगस्ट २०२५ ला दिल्ली परिसरातली कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवा, परत सोडू नका, असा आदेश झाला. २२ ऑगस्टला मोठ्या पीठाने तो बदलला : पिसाळलेली आणि आक्रमक सोडून बाकीची नसबंदी-लसीनंतर मूळ जागी सोडा. ७ नोव्हेंबरला देशभरासाठी ठरले, की शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके इथली उचला आणि तिथे परत सोडू नका. तेव्हा द्वारकेच्या कुत्र्यांनी आपापल्या जागेचा सातबारा काढून ठेवावा, हे बरे. बसथांबा हा बसस्थानकात मोडतो की नाही, हे तलाठ्यालाच विचारलेले चांगले.

या देशात कुत्र्यांसाठी माणसे रस्त्यावर उतरलेली आहेत, हे सांगून खरे वाटणार नाही. १८३२ मध्ये मुंबईत इंग्रजांनी बेवारस कुत्री मारण्याची मोहीम काढली, मारणाऱ्याला कुत्र्यामागे बक्षीस ठेवले, तेव्हा पारशी समाजाने दंगा केला, दुकाने बंद पाडली. त्यातूनच १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने मुंबईचे पांजरापोळ उभे राहिले. म्हणजे पांजरापोळ आले ते कुत्र्यांमुळे. पुढे गाय आत गेली आणि कुत्रे फाटकाबाहेर राहिले. नाशिकचे पंचवटी पांजरापोळ १८७८ चे, तेही गुरांसाठीच नावाजलेले.

नामदेवांची कथा कीर्तनात ऐकताना आपले डोळे अजून पाणावतात. कुत्र्याने कोरडी भाकरी पळवली म्हणून नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले. आज ते एखाद्या सोसायटीच्या पार्किंगमधून धावले असते, तर अध्यक्षांनी वाटी जप्त करून दंडाची पावती फाडली असती. २०२३ चे नियम म्हणतात, की खाऊ घालण्याची जागा सोसायटीनेच ठरवून द्यावी. जागेवर एकमत आहे : शेजारच्या सोसायटीचे गेट.

दत्तक देण्याच्या दिवशी निवाऱ्यात गर्दी बरी होते. परवाच एक गृहस्थ सहकुटुंब आले. घर स्वतःचे की भाड्याचे, घरातले सगळे राजी आहेत का, गावी गेलात तर कुत्रे कुठे, नसबंदी करून घ्याल ना, हे प्रश्न ऐकून ते बिघडले.

‘‘फुकट देताय ना? मग एवढ्या चौकशा कसल्या?’’

‘‘फुकट आहे म्हणूनच.’’

‘‘लॅब्राडोर नाही का?’’

‘‘हे देशी पिल्लू बघा. हुशार आहे, आपल्या हवेत जन्मलंय.’’

‘‘हो, पण चारचौघांत फिरवायचं म्हणजे...’’ पत्नीने मध्येच हस्कीचे नाव काढले. सैबेरियात बर्फावर गाडी ओढणारे हे जनावर नाशिकच्या मे महिन्यात एसीपुढे पडून असते, आणि विजेचे बिल आले की एका रात्री महामार्गावर ‘हरवते’. मग तेही इथेच येते.

पिल्लाने तोवर गृहस्थांच्या बुटाची नाडी सोडवली होती. सगळ्यांनी त्याला मांडीवर घेऊन फोटो काढला, ‘विकत घेऊ नका, दत्तक घ्या’ असे त्याखाली लिहिले आणि हस्कीचा ॲडव्हान्स भरायला निघाले.