दुधाच्या दाताचा भाडेकरार

दातांचे डॉक्टर आणि साखर यांच्यात हाडवैर आहे, असं मी लहानपणापासून ऐकत आलो. पुरावे मात्र वेगळंच सांगतात. जत्रेत काडीला गुंडाळून विकतात ते म्हातारीचे केस काढायचं यंत्र १८९७ साली अमेरिकेतल्या नॅशव्हिलच्या दोघांनी मिळून बनवलं. त्यातले जॉन व्हॉर्टन हे मिठाईवाले होते, ते समजू शकतं. दुसरे विल्यम मॉरिसन हे चक्क दंतवैद्य होते! १९०४ च्या सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात या जोडीने साखरेच्या त्या कापसाचे हजारो डबे खपवले. आपल्याकडे डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० साली कलकत्त्यात देशातलं पहिलं दंत महाविद्यालय काढलं. माणूस मोठा आणि काम त्याहून मोठं. पण त्या कामाला पैसा उभा राहिला तो त्यांनीच थाटलेल्या ‘न्यूयॉर्क सोडा फाउंटन’ या दुकानातून. मग महाराष्ट्र मागे कसा राहील? ज्या लोणी-प्रवरानगरात आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तिथेच आज ग्रामीण दंत महाविद्यालयही आहे. याला वैर म्हणत नाहीत, सोयरीक म्हणतात.

ही सोयरीक आमच्या घरात शिरली ती नातीच्या खालच्या दाढेतून. छकुली सात वर्षांची. दाढेला काळा खड्डा पडला होता आणि ठणका नेमका रात्री दोन वाजता लागायचा. मुलगा-सून नोकरीवर, त्यामुळे तिला दवाखान्यात नेण्याचं काम निवृत्त माणसाकडे आलं. सोबत आमची ही. तिला न्यावं लागत नाही, ती येते.

दवाखाना फक्त मुलांच्या दातांचा. आमच्या वेळी मुलांच्या दातांचा खास इलाज म्हणजे दोरा, दाराची कडी आणि दयामाया नसलेला एखादा काका. पडलेला दात शेणाच्या गोळ्यात घालून कौलावर फेकला की उपचार पूर्ण. इथे खुर्चीच्या वर छतालाच टीव्ही होता आणि त्यात एक उंदीर मांजराला बदडत होता. डॉक्टरीण बाई तिशीच्या आत-बाहेरच्या. त्यांच्या तोंडी सुई, इंजेक्शन, ड्रिल असले शब्दच नाहीत. इंजेक्शन म्हणजे “दाताला झोपवू या”, ड्रिल म्हणजे “दाताला आंघोळ घालू या”, आणि थुंकी ओढणारी नळी म्हणजे “तहानलेला पाइप”. माझी अक्कलदाढ काढताना त्या डॉक्टरांनी “आजोबा, दुखेल हं” एवढंच सांगितलं होतं आणि शब्द पाळला होता.

एक्स-रे काढून निकाल लागला: कीड दाताच्या नसेपर्यंत गेली आहे, रूट कॅनॉल करून वर स्टीलची कॅप बसवावी लागेल. आकडा ऐकून ही खुर्चीवरून पुढे सरकली.

“अहो डॉक्टर, दुधाचा दात ना? पडणारच आहे तो. सोडून जाणाऱ्या भाडेकरूसाठी घराला रंग कोण देतं?”

मला वाटलं, बिनतोड. डॉक्टरीण बाईंनी मात्र तो मुद्दा वेचून घेतला. “आजी, हा भाडेकरू अजून तीन-चार वर्षं तरी जायचा नाही. दुधाच्या दाढा पडतात दहाव्या-बाराव्या वर्षी. घराचा खरा मालक, कायमचा दात, खाली हाडात तयार होतोय. भाडेकरूला आत्ताच काढलं तर शेजारची दाढ सरकून त्या जागेत घुसते. मालक आला की त्याला जागा नाही. मग तो वाकडातिकडा उगवतो, आणि तारांचा खर्च वेगळा. शिवाय भाडेकरूच्या मुळाशी पू झाला तर खालच्या मालकालाही डाग लागतो.”

हिचं माहेर पुण्यातल्या वाड्यातलं. जागा बळकावणारा शेजारी हा मुद्दा तिला समजावून सांगावा लागत नाही. रूट कॅनॉल मंजूर झालं.

मग सुरू झाल्या जबान्या. “घरी गोड कोण देतं?” बाईंनी हसतच विचारलं. कोणीच देत नाही! फोनवरून सून म्हणाली, ती फक्त दुधात चॉकलेटची पावडर घालते, ती पौष्टिक असते, डब्यावरच लिहिलंय. मुलगा म्हणाला, तो फक्त रविवारी आईस्क्रीम नेतो. बाकी दिवशी बिस्किटं, पण ती ग्लुकोजची. ही म्हणाली, ती गोड देतच नाही, फक्त प्रसाद देते. छकुलीने माझ्या सदऱ्याच्या खिशाकडे बोट दाखवलं. सात वर्षांच्या मुलीची साक्ष कायद्यात कितपत टिकते, हे वकिलांना विचारायला हवं.

बाईंनी कोणालाच आरोपी केलं नाही. फळ्यावर दाताचं चित्र काढून त्यांनी जे सांगितलं, ते मला साठी उलटल्यावर पहिल्यांदा कळलं. तोंडातले जिवाणू साखर खातात आणि आम्ल तयार करतात. ते आम्ल अर्धा-पाऊण तास दाताचं कवच विरघळवत राहतं. मग लाळ हळूहळू ते शांत करते आणि झीज भरून काढते. म्हणजे प्रश्न साखर किती खाल्ली एवढाच नाही, किती वेळा खाल्ली हा आहे. जेवताना एकदाच खाल्लेल्या लाडवापेक्षा तोच लाडू सकाळपासून चिमटी-चिमटीने खाल्ला तर दाताला जास्त महागात पडतो, कारण लाळेला डागडुजीची फुरसतच मिळत नाही. चघळायची गोळी, चिकट टॉफी आणि दाढेच्या खाचेत रुतून बसणारं बिस्किट ही त्यातली मातब्बर मंडळी. आणि झोपेत लाळ कमी होते, म्हणून बाळाच्या तोंडात रात्रभर दुधाची बाटली ठेवली तर वरचे पुढचे दात सगळ्यांत आधी जातात.

“म्हणजे एका बैठकीत दहा पेढे खाल्लेले चालतात?” मी विचारलं.

“दाताला त्यातल्या त्यात. पोटाचे डॉक्टर वेगळे, आजोबा.”

हे ज्ञान जगाने कसं मिळवलं, ती हकीकत मात्र हसण्यासारखी नाही. १९४० च्या दशकात स्वीडनमधल्या व्हिपेहोल्म नावाच्या संस्थेत मतिमंद रुग्णांना मुद्दाम चिकट टॉफ्या चारून त्यांचे दात किडू दिले. संमती त्यांची कोणी घेतली नाही. निष्कर्ष खरा निघाला, रस्ता लाजिरवाणा होता. पुढे त्या देशात मुलांना गोळ्या-चॉकलेटं फक्त शनिवारी द्यायची रीत पडली आणि ती अजून टिकून आहे.

मी ही रीत घरी मांडली. आठवड्यातला एक दिवस गोडाचा, बाकी बंद. ही म्हणाली, चालेल, पण कोणता? शनिवारी मारुतीसमोर फुटलेल्या नारळाबरोबर गूळ येतो. रविवारी आईस्क्रीम ठरलेलं. सोमवारी शंकराची खडीसाखर, मंगळवारी गणपतीचा मोदक, गुरुवारी दत्ताचे पेढे, शुक्रवारी गूळ-फुटाणे. बुधवार मोकळा सापडला म्हणून मी आनंदलो, तर पांडुरंगाचा वार तो, बत्तासे आलेच. स्वीडनला हे सोपं गेलं, कारण त्यांच्याकडे देव कमी.

तोडगा शेवटी हिनेच काढला, आणि तो शास्त्राला धरून निघाला. प्रसाद देवापुढे ठेवायचा आणि जेवणाच्या ताटातच वाढायचा. मधल्या वेळेला फुटाणे, काकडी, शेंगदाणे, चीज. आपल्या जुन्या ताटात गोड पहिल्यापासून जेवणाबरोबरच असायचं. त्याला ताटाबाहेर काढून दिवसभर हिंडायला लावलं ते पुड्यांनी आणि रॅपरांनी. डॉक्टरीण बाईंनी या ठरावाला अनुमोदन दिलं. ही तेव्हापासून स्वतःला दंतशास्त्राची जाणकार समजते.

घासण्याचा मुद्दा त्यामानाने सरळ. दिवसातून दोनदा, आणि रात्रीचं कधीच चुकवायचं नाही. पेस्ट फ्लोराइडची, तीन वर्षांच्या आतल्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशवर पेस्टची अख्खी लाट दाखवतात ती पेस्ट खपावी म्हणून. सात-आठ वर्षांपर्यंत मोठ्या माणसाने घासून द्यायचं, कारण तोवर मुलं दात घासत नाहीत, ब्रश चावतात. छकुलीचं म्हणणं वेगळं आहे. रात्री माझी कवळी भांड्यात पडलेली बघून ती म्हणाली, “आजोबा, तुमची किती मजा. काढले, घासले, ठेवले.”

फ्लोराइड हा शब्द सोसायटीतल्या एका गृहस्थांच्या कानावर गेला आणि त्यांनी मोबाइलवर आलेला लांबलचक मजकूर मला पाठवला: फ्लोराइड म्हणजे विष. त्यात अर्धा आणा तथ्य आहे. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या काही विहिरींच्या आणि बोअरच्या पाण्यात ते जास्त आहे आणि वर्षानुवर्षं ते पाणी प्यायल्याने तिथल्या मुलांच्या दातांवर तपकिरी डाग पडतात. पण वाटाण्याएवढी पेस्ट घासून थुंकून टाकणं म्हणजे बोअरचं पाणी पिणं नव्हे. मी त्यांना एवढंच विचारलं, तुम्ही कशाने दात घासता? ते म्हणाले, मशेरीने. भाजलेल्या तंबाखूला विष न म्हणणाऱ्या माणसाशी मी वाद घालत नाही.

रूट कॅनॉल झालं, कॅप बसली. चकचकीत स्टीलची. मला वाटलं, पोर लाजेल. तिने शाळेत आ करून सगळ्या वर्गाला दाखवली. दुसऱ्या दिवशी वर्गातल्या आणखी काही मुलांनी घरी स्टीलच्या दाताचा हट्ट धरला, असं तिच्या बाईंनी चिठ्ठीत कळवलं. हिने मात्र पुढच्या तपासणीला डॉक्टरांना व्यवहाराचं विचारलं, “दात पडला की कॅपही त्याबरोबर येणार ना? मग तिची मोड कोण घेतं?” डॉक्टरीण बाईंना हा प्रश्न कोणत्याही पुस्तकात शिकवलेला नव्हता.

त्याच भेटीत बाईंनी आरसा घालून मागे बघितलं आणि म्हणाल्या, “अरे वा, मालक आलेले आहेत की!” दुधाच्या दाढांच्या मागे चार कोपऱ्यांत चार नव्या रुंद दाढा. आम्ही त्यांना दुधाच्याच समजत होतो. त्यांच्या खोल खाचांमध्ये बाईंनी औषधाचा पातळ लेप भरून त्या बंद केल्या. सुई नाही, आंघोळ नाही, काही मिनिटांत चारही झाल्या. रूट कॅनॉलच्या मानाने खर्चही किरकोळ.

म्हणून सांगतो, घरात सहा-सात वर्षांचं मूल असेल तर आज रात्री त्याला आ करायला लावा, मोबाइलचा टॉर्च पाडा आणि शेवटच्या दुधाच्या दाढेच्या मागे बघा. तिथली दाढ एकही दात न पाडता गुपचूप येते, म्हणून कोणाला पत्ता लागत नाही. ती कायमची आहे. गेली तर तिच्या जागी दुसरी उगवत नाही. तिच्या खाचा लवकर भरून घ्या. आजोबांचे खिसे मग सावकाश तपासा.