स्टार नंतर मोजा, आधी मजला सांगा

दिवाळीच्या तोंडावर दुकानात गिझर घ्यायला आलेलं गिऱ्हाईक दोनच प्रश्न विचारतं: किती स्टारचा, आणि डिस्काउंट किती. विक्रेताही तेवढ्याचीच उत्तरं देतो. घर कितव्या मजल्यावर, पाणी कॉर्पोरेशनचं की बोअरचं, आंघोळ बादलीने की शॉवरने, बाथरूममध्ये अर्थिंग आहे का, हे तो विचारत नाही आणि आपण सांगत नाही. वर्षानुवर्षं आंघोळ करणाऱ्याच्या डोक्यावर टांगायची वस्तू अशी पंधरा मिनिटांत उरकते. हे बदललं पाहिजे.

आधी स्टारचं बघू. बीईईचं, म्हणजे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचं, लेबल गिझर किती झटपट तापतो हे सांगतच नाही. कॉइल एक स्टारच्या गिझरमधली असो की पाच स्टारच्या, घेतलेली जवळपास सगळी वीज ती पाण्यालाच देते. लेबल मोजतं ते तापलेलं पाणी टाकीत नुसतं पडून राहिलं तर २४ तासांत किती उष्णता निसटते ते. गिझर दिवसभर चालू ठेवणाऱ्या घरात पाच स्टारचे पैसे वसूल होतात. सकाळी वीस मिनिटं लावला, आंघोळी झाल्या, बंद केला, अशा घरात फरक किरकोळ असतो. पाच स्टार जरूर घ्या. पण त्यासाठी वायरमनच्या पैशांना कात्री लावू नका.

लिटरचा हिशेब घरबसल्या होतो. थंडीत नळाचं पाणी २० अंशांवर धरा. १५ लिटर पाणी ६० अंशांवर न्यायला सुमारे ०.७ युनिट वीज लागते आणि २००० वॅटच्या कॉइलला वीस-बावीस मिनिटं. त्यात तेवढंच गार पाणी मिसळलं की ४० अंशांचं ३० लिटर होतं, म्हणजे दोघांच्या दोन बादल्या. पुढच्या दोघांनी वीस मिनिटं थांबायची तयारी ठेवली, तर चौघांचं घर १५ लिटरवर आरामात निभतं. शॉवरखाली मिनिटाला आठ-दहा लिटर सहज जातात, तिथे २५ लिटरचाच घ्या.

आता मजला. उंच इमारतीत वरच्या मजल्यावर पाण्याचा दाब जास्त, असा समज मी सुशिक्षित घरांतही ऐकतो. टाकी गच्चीवर असेल तर प्रकार नेमका उलटा असतो. टाकीपासून दर दहा मीटर खाली गेलं की दाब साधारण एक बारने वाढतो. वीस मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाच्या डोक्यावर पन्नासहून जास्त मीटर पाणी उभं असतं, म्हणजे पाच बारच्या वर. मध्ये दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवला नसेल तर तो सगळा त्यांच्या गिझरवर येतो. ८ बारचा गिझर खरा त्यांना हवा. अगदी वरच्या मजल्यावर दाब इतका कमी की शॉवर नुसता ठिबकतो; पण तिथे प्रेशर पंप बसवला की त्यांनाही हाच हिशेब लागू होतो. गिझरच्या पट्टीवर बार किंवा एमपीए लिहिलेलं असतं. ०.८ एमपीए म्हणजे ८ बार. पैसे देण्याआधी ती पट्टी वाचा.

गिझरच्या बुडाशी, गार पाण्याच्या तोंडावर, अंगठ्याएवढा एक व्हॉल्व्ह असतो. त्याला बाजूला बारीक भोक असतं आणि बहुतेकांवर एक छोटी दांडी. १५ लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर गेलं की पाव लिटरच्या आसपास फुगतं. बंद टाकीत ते जाणार कुठे? या भोकातून थेंब थेंब बाहेर येतं. घरात ओरड होते, गिझर गळतोय. प्लंबर येतो, भोकात एम-सील भरतो, पैसे घेऊन जातो. गळणं थांबतं आणि टाकीची एकमेव सुटकेची वाट बंद होते. त्यानंतर थर्मोस्टॅट आणि कटआउट दोन्ही चिकटले तर टाकी फुटू शकते. म्हणून हे काम मी हलगर्जीपणा म्हणून सोडून देणार नाही, तो गुन्हा आहे. थेंबांचा त्रास होत असेल तर भोकाला बारीक नळी लावून ती मोरीच्या जाळीपर्यंत आणा. आणि गिझर बंद असतानाही थेंब पडतच राहिले, तर व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकलाय का ते बघा, मग मजल्यावरचा दाब मोजून घ्या.

पुण्याच्या वाकड-बाणेरकडच्या ज्या सोसायट्या टँकर आणि बोअरवर जगतात, तिथलं दुखणं निराळं. जड पाण्याचे क्षार कॉइलवर पांढरे थर धरतात, पाणी तापायला वेळ लागतो आणि एक दिवस कॉइल जाते. टाकीत मॅग्नेशियमचा एक दांडा असतो, अ‍ॅनोड रॉड. टाकीचा पत्रा गंजण्याऐवजी तो स्वतः झिजतो. वर्षा-दोन वर्षांनी तो उघडून बघायचा, संपला असेल तर बदलायचा. गिझर घेतानाच सर्व्हिसवाल्याकडून हे कबूल करून घ्या. टाकीच्या वॉरंटीवर विसंबून राहिलेल्यांचा दांडा केव्हाच संपलेला असतो.

अर्थिंगच्या बाबतीत मला कसलीही सवलत मान्य नाही. २००० वॅटला जवळपास ९ अँपिअर लागतात; त्यासाठी १६ अँपिअरचा सॉकेट, किमान २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, जिवंत अर्थिंग आणि वीज गळली की ३० मिलिअँपिअरला ट्रिप होणारा आरसीसीबी. जुन्या वाड्यांत, चाळींत सॉकेटला तिसरं भोक असतं, पण त्यामागे वायरच नसते. तिथे आधी वायरमन बोलवा, गिझर पुढच्या महिन्यात आणा.

हे सगळं गिऱ्हाइकानेच शोधत बसायचं का? बिल्डर ताबा देताना पार्किंगचा नंबर लिहून देतो, क्लब हाउसचे नियम देतो. त्याच कागदांत त्या फ्लॅटमधला पाण्याचा दाब, पाण्याचा जडपणा आणि अर्थिंगच्या तपासणीची तारीख द्यायला त्याला काय अडचण आहे? पुढच्या सोसायटी मीटिंगमध्ये हा विषय लिफ्टच्या मेंटेनन्सच्या आधी घ्या.