फ्रीगंजची हवा आणि नव्वद नंबरचा जेट

उज्जैन जंक्शनवर उतरलेल्या मराठी प्रवाशाचे पाय आपोआप जुन्या गावाकडे वळतात. महाकाल तिकडे, बायजाबाई शिंद्यांचं गोपाळ मंदिर तिकडे, शिप्रेचे घाट तिकडे, आणि ‘हे सगळं आपल्याच लोकांनी बांधलंय’ असं दर दहा पावलांवर म्हणायची सोयही तिकडेच. फ्रीगंज राहतं रुळांच्या दुसऱ्या अंगाला, पूल ओलांडल्यावर. सरकारी नाव माधवनगर, पण ते पोस्टमन आणि तहसीलदार सोडून कोणी उच्चारत नाही. शिंदे सरकारने इथे येऊन बसणाऱ्यांना करमाफी दिली म्हणून हा गंज ‘फ्री’, अशी नावाची फोड गावात सांगतात. फुकटचं गाव म्हटल्यावर आपल्या माणसाने खरं तर आधी इकडे यायला हवं होतं. पण आता करही लागतो, पार्किंगलाही पैसे पडतात आणि जिलबीही वजनावर मिळते. फ्रीगंजमध्ये फुकट उरली आहे ती एकटी हवाच, आणि तिचासुद्धा हिशेब ठेवावा लागतो, हे मला इथे सांगायचं आहे.

संध्याकाळी टॉवर चौकात उभं राहिलं की हा हिशेब कानावर पडायला लागतो. पाणीपुरीच्या गाड्या, पोह्यांवर जीरावन भुरभुरणारे हात, आणि त्यांच्यामधून वाट काढत जाणारी एखादी जुनी बुलेट. सायलेन्सर कंपनीचा काढून ‘फ्री-फ्लो’ बसवलेला असतो. फ्रीगंजमध्ये दुसरं काय बसवणार! रस्त्यावरचे लोक दचकतात, गाडीवाला खूश होतो. मूठ सोडली की मागून फट्-फट् असे दोन-चार बार निघतात, तेव्हा तर त्याची मान एक इंच वर जाते. हा ताकदीचा आवाज आहे असा त्याचा समज असतो. प्रत्यक्षात ते रिकाम्या पोटाचं गुरगुरणं असतं. मोकळ्या सायलेन्सरमुळे मिश्रणात हवा जास्त आणि पेट्रोल कमी झालं की ते सिलिंडरमध्ये नीट पेटत नाही. उरलेलं गरम नळीत जाऊन पेटतं आणि बार उडतो. माझं म्हणणं एवढंच आहे की ज्याने सायलेन्सर बदलला त्याने जेटही बदलला पाहिजे, आणि माळव्यात राहणाऱ्याने तो ऋतूकडे बघून ठरवला पाहिजे. कॅनडातला बर्फगाडीवाला हे निमूटपणे करतो. फ्रीगंजवाल्याने का करू नये?

जेट ही चीज दिसायला इतकी क्षुल्लक आहे की तिच्यावर लेख लिहायचीही लाज वाटावी. कार्बोरेटरखालची वाटी सोडवली की आत फ्लोट दिसतो आणि मधोमध शेंगदाण्याहून लहान असा पितळी स्क्रू. त्याच्या पोटात आरपार भोक असतं आणि अंगावर बारीक नंबर कोरलेला असतो. हा मेन जेट. साडेतीनशेच्या जुन्या बुलेटच्या मिककार्ब कार्बोरेटरमध्ये त्याचा नंबर साधारण नव्वद. मिस्त्री तो चिमटीत धरतो, फुंकर मारतो, एक डोळा मिटून आकाशाकडे रोखतो. भोकातून माळव्याचं आभाळ दिसलं की जेट साफ. नव्वदच्या जागी शंभर घातला की पेट्रोल जास्त येतं. दुकानात शंभर नसेल तर तारेने भोक खरवडून नव्वदचाच शंभर करणारेही कलावंत आहेत. त्यानंतर त्या जेटवरचा नंबर आणि आतलं भोक यांचा संबंध आधारकार्डावरच्या फोटोइतकाच उरतो.

आता बर्फगाडीकडे, म्हणजे स्नोमोबिलकडे वळू. जोझेफ-आर्मां बोम्बार्डिए या क्यूबेकच्या गृहस्थाने १९५९ साली जी हलकी गाडी बाजारात आणली तिचं नाव म्हणे ‘स्की-डॉग’ ठेवायचं होतं. छपाईत गडबड होऊन ‘स्की-डू’ झालं, अशी दंतकथा आहे. छापखान्यांची ही परंपरा जागतिक आहे हे वाचून मराठी लेखकाला बरं वाटावं. या गाड्यांची टू-स्ट्रोक इंजिनं कार्बोरेटरवर चालायची तेव्हा कंपनी सोबत एक तक्ता द्यायची. एका बाजूला तापमान, दुसऱ्या बाजूला समुद्रसपाटीपासूनची उंची, आणि दोन्ही रेघा मिळतील त्या चौकटीत मेन जेटचा नंबर. थंडी वाढली की हवा दाट होते, दाट हवेला पेट्रोल जास्त लागतं, म्हणून जेट मोठा. आळस केला तर टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलबरोबर येणारं ऑइलही कमी पडतं, पिस्टन तापून सिलिंडरला चिकटतो, आणि मालकाला उणे तीस अंशांत चालत घरी जाण्याचा योग येतो. सायलेन्सरच्या जागी फुगीर पोटाची एक्स्पान्शन चेंबर बसवली की सगळा तक्ता पुन्हा नव्याने मांडायचा.

यावर फ्रीगंजचा पहिला आक्षेप ठरलेला आहे: “अहो, तिथे बर्फ असतो! इथे कुठे तेवढा फरक पडून राहिला आहे?” ठीक आहे, आकडेच बघू. बर्फगाडीचा हंगाम उणे पस्तीसपासून अधिक पाचपर्यंत धरला तर चाळीस अंशांचा फरक होतो. फ्रीगंजमध्ये जानेवारीच्या पहाटे पाच अंश आणि मेच्या दुपारी चव्वेचाळीस, म्हणजे एकोणचाळीस. अंश जवळपास तेवढेच, फक्त आपण शून्याच्या वरच्या मजल्यावर राहतो. हवेची घनता तापमानाच्या व्यस्त प्रमाणात बदलते, तापमान अर्थात केल्विनमध्ये. तो हिशेब केला तर बर्फगाडीच्या हवेत सुमारे सतरा टक्के फरक पडतो आणि माळव्याच्या हवेत चौदा. कार्बोरेटरमध्ये मिश्रणाचं प्रमाण घनतेच्या वर्गमुळाने बदलतं, म्हणून चौदाचे सात होतात. मेमध्ये चोख बसवलेला जेट जानेवारीच्या पहाटे गरजेपेक्षा जवळपास सात टक्के पेट्रोल कमी देतो. सायलेन्सर बदलून ज्याचं मिश्रण आधीच पातळ झालंय त्याला हे सात टक्के म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. बुलेट फोर-स्ट्रोक आणि स्वभावाने सोशिक. ती तापते, अडखळते, बार उडवते, पण निभावून नेते. टू-स्ट्रोक आरएक्स-हंड्रेडकडून मात्र ही अपेक्षा ठेवू नये.

खरं तर ऋतूप्रमाणे तक्ता बघायची कल्पना उज्जैनला परकी नाही. जयपूरच्या सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात इथे वेधशाळा उभारली. ती मोडकळीला आली तेव्हा माधवराव शिंद्यांनी १९२३ च्या सुमारास तिची दुरुस्ती करवली आणि गोविंद सदाशिव आपटे या मराठी ज्योतिर्विदांनी तिचं काम सांभाळलं. तिथल्या सम्राट यंत्रावर सावली पडते, ती बघून वेळ सांगता येते. यात्रेकरू सावली बघतो, मग मनगटावरचं घड्याळ बघतो, आणि पूर्वजांची चूक सापडल्याच्या आनंदात बायकोकडे बघतो. पण चूक कोणाचीच नसते. उज्जैनचा रेखांश पावणे शहात्तर अंश आणि भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंशांची, त्यामुळे सत्तावीस मिनिटांचा फरक मुळातच असतो. शिवाय सूर्य वर्षभर एका चालीने चालत नाही. फेब्रुवारीत चौदा मिनिटं मागे, नोव्हेंबरच्या सुरुवातीला सोळा मिनिटं पुढे. म्हणून यंत्राजवळ तारखेनुसार किती मिनिटं मिळवायची याचा तक्ता लावलेला आहे. इतकं भरभक्कम दगडी यंत्र, नावात ‘सम्राट’, तरी ते महिन्यागणिक दुरुस्ती मान्य करतं. पितळेच्या शेंगदाण्याला ती कमीपणाची वाटायचं कारण नाही.

दुसरा आक्षेप उस्ताद मिस्त्रींचा: तक्ते-बिक्ते काही लागत नाही, कान हवा. या आक्षेपाला मी मान देतो, कारण असे कान आहेत. अडचण अशी की दुकानासमोर स्टँडवर उभ्या गाडीत ऐकू येतो तो पायलट जेटचा, म्हणजे मंद चालीला पेट्रोल देणाऱ्या छोट्या जेटचा आवाज. मूठ एक अष्टमांश ते पाव फिरेपर्यंत पायलटचं राज्य, तिथून पाऊण होईपर्यंत मुठीबरोबर वरखाली होणाऱ्या निडलचं. मेन जेट बोलायला लागतो तो मूठ पाऊणच्या पुढे गेल्यावरच, आणि टॉवर चौकात संध्याकाळी मूठ पाऊण फिरवणं गायी, रिक्षा आणि कुल्फीवाला यांच्यापैकी कोणालाच मान्य नसतं. म्हणजे फ्रीगंजमधले निम्मे शौकीन मोठा मेन जेट घालून जन्मभर पायलटवरच फिरतात. ज्याला खरंच पारख करायची त्याने देवास रोड मोकळा असताना पूर्ण मुठीवर गाडी पळवावी, तशीच इंजिन बंद करून क्लच धरावा आणि बाजूला घेऊन प्लग काढावा. प्लगचं चिनी मातीचं टोक पांढरंफटक असेल तर गाडी उपाशी, काजळासारखं काळं असेल तर खा-खा सुटलेली, आणि बिस्किटाच्या रंगाचं असेल तर प्रकृती उत्तम. कान खोटं ऐकू शकतो, विशेषतः ऐकणाऱ्याने नुकतेच सायलेन्सरचे पैसे मोजले असतील तर.

तिसरा आक्षेप मात्र अभ्यासू आहे. कार्बोरेटर हवेच्याच ओढीने पेट्रोल ओढतो. सायलेन्सर मोकळा झाला, हवा जास्त आली, तर पेट्रोलही आपोआप जास्त येईलच की! येतं, पण पुरेसं नाही. एका सिलिंडरच्या इंजिनात हवा सरळ वाहत नाही, धडधडत पुढे-मागे होते. मागे उसळणारी हवासुद्धा जेटवरून जाताना थोडं पेट्रोल उचलते. सायलेन्सर बदलला की या उसळीचा ताल बदलतो. शिवाय मोकळ्या नळीतून जळका धूर जास्त निघून जातो, सिलिंडरमध्ये ताज्या हवेला जागा जास्त मिळते. त्यात धुराच्या नियमांपायी कंपनीने जेट आधीच हात आखडून दिलेला असतो, शिल्लक काहीच नसते. याचं उलट टोकही आहे: शेजाऱ्याने एकशेदहा घातला म्हणून आपणही घालणारे. त्यांच्या गाडीमागे चालताना रॉकेलचा स्टोव्ह भडकल्यासारखा वास येतो. एक-दोन नंबर वर, त्याहून पुढे प्लग सांगेल तसं.

आता प्रवासाकडे, कारण हे प्रवासवर्णन आहे. उन्हाळ्याची सुट्टी लागली की माळव्यातून आणि महाराष्ट्रातून बुलेटांचे जथे काश्मीर-लडाखकडे निघतात. गुलमर्गला खरी बर्फगाडी भाड्याने मिळते, मागे बसून फोटोही निघतो. इथे फ्रीगंजवाला हमखास फसतो. गुलमर्गला थंडी, म्हणजे हवा दाट, म्हणजे जेट मोठा, असं त्याचं गणित. पण गुलमर्ग साडेसव्वीसशे मीटरवर आहे आणि फ्रीगंज जेमतेम पाचशेवर. गुलमर्गची हिवाळ्यातली उणे दहा अंशांची हवा फ्रीगंजच्या मे महिन्यातल्या दुपारच्या हवेपेक्षाही सुमारे सात टक्के विरळ निघते. जो माणूस उकाड्याला कंटाळून ‘जरा चांगली हवा खायला’ तिकडे जातो त्याला मापाने बघितलं तर कमीच हवा मिळते. तिथून पुढे खारदुंगला. तिथल्या फलकावर वर्षानुवर्षं १८,३८० फूट लिहिलेलं, नीट मोजल्यावर खिंड भरली ५,३५९ मीटर, म्हणजे साडेसतरा हजार फुटांच्या थोडी वर. फलकालाही कोणीतरी फ्री-फ्लो बसवला होता. या उंचीवर घनता फ्रीगंजच्या साठ टक्क्यांपर्यंत उतरते, आणि मैदानातल्या जेटवर मिश्रण तीस टक्क्यांच्या आसपास जास्त गडद होतं. गाडी काळा धूर ओकते, धापा टाकते, आणि बसलेले दोघे ‘ऑक्सिजन कमी आहे ना’ असं एकमेकांना समजावतात. ऑक्सिजन कमी आहेच. पेट्रोल त्या मानाने कमी झालेलं नाही ही खरी भानगड. म्हणून लडाखला जाताना खिशात लहान जेट हवा, मोठा नव्हे.

राहता राहिला आजच्या पिढीचा आक्षेप. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सिक्स आलं, नव्या गाड्यांतून कार्बोरेटर हद्दपार झाला, इंजेक्शन आलं. मग हा पितळी शेंगदाणा कशाला सोलताय? बरोबर आहे, पण तक्ता गेलेला नाही. तो गाडीच्या मेंदूत जाऊन बसला आहे. हवेचं तापमान आणि दाब मोजून दर फेरीला पेट्रोल किती फवारायचं ते तो ठरवतो. त्या गाडीचा सायलेन्सर बदलला की त्या मेंदूचंही गणित बिघडू शकतं, फक्त ते दुरुस्त करायला स्क्रू-ड्रायव्हरऐवजी लॅपटॉप लागतो. आणि हे सगळं त्यांच्यासाठी, ज्यांनी आवाजाची मर्यादा पाळणारा सायलेन्सर घेतला आहे. बाकीच्यांच्या सायलेन्सरची सोय गावोगावचे पोलीस रस्त्यावर ओळीने मांडून रोडरोलर फिरवून करतातच. तिथे जेटचा नंबर कोणी विचारत नाही.

ज्यांच्याकडे जुनी कार्बोरेटरची बुलेट आहे आणि दर ऋतूला जेट बदलायचा कंटाळा आहे, त्यांनी एक तडजोड करावी. सायलेन्सर बदलल्यावर मेन जेट एकदाच, प्लग बघून बसवावा आणि सोडून द्यावा. दिवाळीला घर झाडाल तेव्हा कार्बोरेटरचं झाकणही उघडा आणि निडलची क्लिप एक खाच खाली घ्या, थंडीपुरतं पेट्रोल वाढेल. होळी झाली की परत वर.