अर्ध्या सुताचे नाना

लाकूडकाम करणाऱ्यांत दोन जाती असतात. एका जातीचा माणूस लाकूड कापतो. दुसऱ्या जातीचा लाकूड कापायची तयारी करतो. आमचे नाना दुसऱ्या जातीचे, आणि त्या जातीतही पहिल्या पंगतीतले.

लोहारदा हे देवास जिल्ह्याच्या दक्षिणेकडचे गाव. बागली, कांटाफोड, सतवास ही शेजारची वस्ती, एकीकडे सागवानाचे जंगल आणि बाकी सगळीकडे सोयाबीन. मराठी घरे मोजकी, पण त्या मोजक्या घरांत नाना भरपूर, म्हणून प्रत्येकाला खूण लागते. दुकानवाले नाना, बसस्टँडचे नाना, आणि हे अर्ध्या सुताचे नाना.

इंचाचे सूत आठ. अर्धा सूत म्हणजे इंचाचा सोळावा हिस्सा, दीड मिलिमीटर. एवढ्याशा जागेवर नानांचा संसार उभा आहे. लग्नात सगळे अक्षता टाकत असतात तेव्हा नाना अंतरपाटाकडे बघत असतात. "डावीकडे अर्धा सूत खाली धरलाय." शेजाऱ्याने फाटक बसवले आणि पेढे घेऊन आला. पेढा तोंडात असतानाच नाना म्हणाले, "वरची बिजागरी अर्धा सूत बाहेर आलीये." शेजाऱ्याने घरी जाऊन ती सारखी केली. तेव्हापासून त्याचे फाटक लागत नाही.

गंमत अशी की नानांची सगळी नोकरी पटवारी म्हणून झाली. पटवाऱ्याची जरीब म्हणजे 66 फुटांची साखळी, 100 कड्यांची. उन्हातान्हात ती ओढायची, टोकाला खुंटी ठोकायची आणि वहीत आकडा मांडायचा. दोन भावांच्या बांधात हातभर फरक निघाला की नाना म्हणत, "नाल्याकाठची जमीन आहे, थोडी हलणारच." गावाने हे वाक्य जपून ठेवले आहे. पुढे फंडाचे पैसे आले, नानांनी दहा इंची ब्लेडची टेबल सॉ घेतली, जोडीला माइटर सॉ घेतली, गोठ्यातली गव्हाण उखडून तिथे कारखाना मांडला आणि हातभराचे सगळे देणे अर्ध्या-अर्ध्या सुताने फेडायला सुरुवात केली.

गुण्या विकत घ्यायला ते इंदूरला सियागंजात गेले होते, ती हकीकत गावात अजून सांगतात. गुण्या खरा की खोटा हे ओळखायची युक्ती सोपी आहे. सरळ कडेला टेकवून एक रेघ मारायची, मग तो उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी. रेघेवर रेघ बसली तर गुण्या खरा. वर जाऊन फाकल्या, तर फाकल्या त्याच्या निम्मा दोष गुण्याचा. नानांनी ही परीक्षा दुकानाच्या काउंटरवरच घेतली. एकामागून एक सगळे गुण्ये नापास झाले, सनमायका पेन्सिलीच्या रेघांनी भरली, आणि मग उघड झाले की वाकडी आहे ती काउंटरची कड. नानांनी मालकाला काउंटर बदलायचा सल्ला दिला आणि गुण्या न घेता टेप घेऊन परत आले.

त्या टेपचीही एक कथा आहे. टेपच्या टोकाचा पत्र्याचा आकडा जरा हलतो. तो हलावा म्हणूनच तसा बसवलेला असतो. बाहेरून अडकवला की स्वतःच्या जाडीइतका पुढे येतो, आतून टेकवला की तितकाच मागे जातो, त्यामुळे दोन्हीकडून माप खरे येते. हे माहीत नसलेल्या भाच्याने मामांना मदत म्हणून हातोडीने त्याचे रिव्हेट ठोकून पक्के केले. भाचा आता इंदूरला शिकतो. सुट्टीत येतो, पण मामी घरात एकटी आहे याची खात्री करून.

हसायला येते खरे, पण नानांचे म्हणणे चुकीचे नसते, आणि तीच गावाची अडचण आहे. सागाच्या फळीचा आडवा काप घेतला की मागच्या कडेची ढलपी उडते, हे प्रत्येक मिस्त्रीला ठाऊक असते. का उडते, ते नानांना ठाऊक आहे. दात लाकडातून बाहेर पडताना तिथल्या रेषांना मागून कोणाचा आधार नसतो. टेबल सॉवर दात वरून खाली जातात, म्हणून चांगली बाजू वर ठेवायची. हातातल्या कटरचे दात खालून वर येतात, म्हणून त्याला चांगली बाजू खाली. टेबलाच्या फटीत ब्लेडच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा असते, तीही नानांना खपत नाही. ते तिथे कोरी पट्टी बसवतात, ती घट्ट दाबून ठेवतात आणि चालू ब्लेड खालून हळूहळू वर आणतात. मग फट बरोबर ब्लेडएवढीच पडते आणि लाकडाला अगदी दातापर्यंत आधार मिळतो. प्लाय असेल तर कापाच्या रेघेवर कागदी चिकटपट्टी, साग असेल तर आधी धारदार सुरीची चीर. एवढे केल्यावर निघालेल्या कडेवरून बोट फिरवून बघा. गावात कोणालाही विचारा, तसा काप दुसरा कोणी काढत नाही.

दातांच्या बाबतीत नाना कडक आहेत. लाकूड उभे चिरायला 24 दातांचे ब्लेड, आडव्या कापाला 60 किंवा 80 दातांचे. थोड्या दातांचे भराभर चिरते पण कडा फोडते, पुष्कळ दातांचे सफाई देते पण उभ्या चिरीत लाकूड जाळते. एकच ब्लेड सगळीकडे चालवणारा माणूस नानांच्या घरी ओसरीपर्यंत येऊ शकतो, आत नाही. त्यातून साग तेलकट, त्याचा राळेसारखा चिकटा दातांवर बसतो आणि धार असूनही ब्लेड बोथट वाटू लागते. लोक नवे ब्लेड आणतात. नाना जुने ब्लेड गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून भिजवतात आणि जुन्या ब्रशने दात घासतात. काकूंचा ढोकळा गेली काही वर्षे फुगत नाही, याचे कारण हेच.

वायर काढून मग ब्लेडला हात, तुकडा ढकलायला काठी, आणि काप संपला की ब्लेड पूर्ण थांबेपर्यंत हात जागचा हलवायचा नाही, हे तीन नियम मात्र नाना विनोदाच्या सुरात सांगत नाहीत. गाइडपट्टी मागच्या टोकाला ब्लेडकडे किंचित झुकली तरी लाकूड चिमटते, जळते, आणि कधी तरी उलटून अंगावर येते. म्हणून ते एका दातावर खूण करतात, तोच दात पुढे आणून मोजतात, मागे नेऊन मोजतात. दहा बोटे शाबूत असलेला म्हातारा सुतारकामात विरळा. नानांची आहेत.

तयारीला आणखी एक निमित्त आहे, ते म्हणजे वीज. रब्बीत गव्हाला पाणी सोडायला सगळ्या शिवारातल्या मोटारी एकदम सुरू होतात आणि गावातला दाब बसतो. मिनिटाला हजारो फेरे घेणारे ब्लेड मध्येच धापा टाकते, आणि धापा टाकणारे ब्लेड लाकूड कापण्याऐवजी भाजते. म्हणून नाना आधी व्होल्टमीटरचा काटा बघतात, मग चहा घेतात, मग पुन्हा काटा बघतात. मध्य प्रदेशात 1984 च्या काष्ठ चिरान कायद्याप्रमाणे आरायंत्राला परवाना लागतो. नानांच्या मते तो कागदपत्र पाहून देण्यात अर्थ नाही, काप पाहून द्यावा.

त्यांच्या बोलण्यातला आवडता विषय म्हणजे देवासची वाटणी. पवार घराण्यातले तुकोजी आणि जिवाजी हे दोघे भाऊ, त्यांच्यापासून देवासला थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थाने झाली. एकाच गावात दोन राजे आणि दोन दरबार, ते थेट 1948 मध्ये मध्य भारतात विलीन होईपर्यंत. एका रस्त्याची एक बाजू थोरल्यांची आणि दुसरी धाकट्यांची, असेही सांगतात. इतिहासाचे लोक इथे थांबतात. नाना इथून सुरू होतात. "ते सगळं ठीक. पण मधला रस्ता कोणाचा? ब्लेडची जाडी एक सूत असते. दोन फूट फळीचे दोन सारखे तुकडे केलेत तर प्रत्येक तुकडा एक फुटाचा होत नाही, अर्धा सूत कमी होतो. तो भुसा धरायला नको? माप रेघेवर घेतात, आणि ब्लेड रेघेच्या कोणत्या अंगाला बसवायचं हे राजांनाही कळलं नाही." नाना हे चिडून सांगतात, जणू भुशाचा हिशेब लागेपर्यंत विलीनीकरण थांबवायला हवे होते.

काकू हे सगळे शांतपणे घेतात. फक्त एका दिवाळीला शंकरपाळे करताना नाना स्वयंपाकघरात आले आणि म्हणाले, "प्रत्येकाचा कोन वेगळा येतोय." काकूंनी कातणे त्यांच्या हातात दिले आणि त्या बाहेर जाऊन बसल्या. नानांनी पोळपाटाला एका बाजूने पट्टी बांधली, दुसऱ्या बाजूने अडकण लावली, आणि पहिला शंकरपाळा कापून त्याची चारी टोके तपासली. तोवर लाटलेल्या पोळीला भेगा पडल्या होत्या. खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते तेव्हाही वाद होतोच. काकू टेबल सॉला हळदकुंकू वाहतात, पण ब्लेडला नाही. ब्लेडवर कुंकवाचा थर चढतो, असे नानांचे मत आहे.

आता देव्हाऱ्याचे सांगतो. गावातल्या एका घराने नानांकडे सागवानी देव्हारा सांगितला. "गणपतीच्या आधी देतो," नाना म्हणाले. कोणत्या सालच्या, ते म्हणाले नाहीत. मागची फळी निवडली, आणि कापण्याआधी यंत्राची पाच कापांची परीक्षा घ्यायचे ठरले. ही परीक्षा खरोखर नामी आहे. तुकड्याची एक बाजू कापायची, नुकती कापलेली कड पट्टीला टेकवून दुसरी बाजू कापायची, असे फिरत चार बाजू झाल्या की पाचव्या वेळी पहिल्याच बाजूची एक बारीक चीप काढायची. या चार फेऱ्यांत यंत्राची चूक चौपट होऊन त्या चिपेत उतरते. चिपेची दोन टोके कॅलिपरने मोजली की डोळ्याला न दिसणारा दोष आकड्यात दिसतो. अडचण एवढीच की ही परीक्षा रद्दी तुकड्यावर घ्यायची असते. नानांकडे रद्दी तुकडा नव्हता, कारण सागाला ते रद्दी म्हणत नाहीत. पहिल्या परीक्षेनंतर देव्हाऱ्याच्या फळीचा पाट झाला. यंत्र जरा सारखे करून पुन्हा परीक्षा घेतली, तेव्हा पोळपाट झाला. तिसऱ्या परीक्षेत यंत्र पूर्ण गुणांनी पास झाले आणि फळीची फुलपात्राखाली ठेवायची चकती झाली. ती चकती मात्र बघण्यासारखी आहे. चारी कोन काटकोन.

शेवटी त्या घरच्यांनी बाजारातल्या मिस्त्रीला बोलावले. हा मिस्त्री टेपला सहसा हात लावत नाही. पट्टी जिथे बसायची तिथेच धरतो, सुरीने खूण करतो, रेघ राखून कापतो आणि उरलेले रंध्याने उतरवतो. समोरच्या चौकटीचे काम निघाले तेव्हा नाना मुद्दाम भिंग घेऊन गेले. पंचेचाळीसच्या कापांचे गणित निर्दय असते. चार कोपरे म्हणजे आठ काप, प्रत्येक काप पाव अंश चुकला तरी शेवटच्या कोपऱ्यात दोन अंशांची फट उभी राहते. नानांनी ते मिस्त्रीला समजावून सांगितले. मिस्त्रीने मान डोलावली, चौकट दोरीने आवळून धरली, जिथे कोपरा नीट मिटत नव्हता तिथे त्या फटीतूनच बारीक करवत चालवली आणि पुन्हा आवळली. करवत दोन्ही कडांवरून एकदमच गेलेली, त्यामुळे कोन कितीचा का असेना, दोन्ही कडा एकमेकींना सारख्या. फट गेली. "हो गया, पटवारी साब," तो म्हणाला.

नानांनी भिंग लावले. बराच वेळ लावले. गुण्या ठेवला, काढला, उलटा ठेवला. मग म्हणाले, "काप चुकलाय. जोड बसलाय."

लोहारद्यात यापेक्षा मोठे प्रशस्तिपत्र अद्याप कोणाला मिळालेले नाही.

माझे मत विचाराल तर दोघेही खरे. मिस्त्रीच्या हातून वस्तू निघतात आणि नानांच्या हातून काप निघतात. नानांनी इतक्या वर्षांत पुरी केलेली वस्तू म्हणजे ती चकती, आणि गावातल्या बहुतेक मिस्त्र्यांची यंत्रे आज सरळ कापतात तीही नानांमुळेच. तेव्हा आमच्या बाजूला आलात आणि देव्हारा करून घ्यायचा असेल, तर बाजारात जा. ब्लेड लाकूड जाळत असेल, कडा फुटत असतील, कोपरे जुळत नसतील, तर नानांकडे जा. पैसे घेत नाहीत, वर चहा देतात. फक्त रब्बीच्या दिवसांत जाऊ नका, आणि आपली टेप घरी ठेवून जा.