श्रीमंत दुष्फेन जल यांस विनंतिपत्र

श्रीमंत राजमान्य राजेश्री दुष्फेन जल, मुक्काम कूपनलिका, तर्फ वाघोली, प्रांत पुणे, यांचे सेवेसी आज्ञाधारक रयतेपैकी एकाचा साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आमच्या वसाहतीवर आपला अंमल बसल्यापासून एका दिवसाचीही रजा न घेता, आणि उन्हाळ्यात टँकरच्या रूपाने येणाऱ्या शेजारच्या विहिरीतील आपल्याच भाऊबंदांस हाताशी धरून, आपण जो कारभार चालविला आहे, त्याची लेखी वाखाणणी अद्याप कोणी केली नाही, ही आमची कृतघ्नता होय. खडकवासल्याहून जुन्या पुण्यास जाणारे पाणी मृदू खरे, परंतु ते गेल्या पावसाळ्याचे पोर. सह्याद्रीवरून धावत आले, धरणात घटकाभर टेकले आणि नळातून निघून गेले. आपली योग्यता निराळी. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्या शिलारसाने दख्खनचे पठार घडविले, त्याच्या काळ्या पाषाणाच्या भेगांत आपण दीर्घकाळ वास्तव्य केलेत, मातीतील कर्बवायू अंगी मुरवून सौम्य आम्लाचा स्वभाव धारण केलात, आणि त्या बळावर दगडासारख्या कद्रू कुळाकडून कॅल्शियम व मॅग्नेशियम यांची वसुली करून दाखविलीत. दगडाकडून वसुली करणारा अंमलदार आमच्या पाहण्यात दुसरा नाही. वाघोलीच्या खाणींत कॅव्हनसाइट या नावाचे जे निळेभोर स्फटिक सापडतात आणि ज्यांच्यासाठी जगभरचे खनिजसंग्राहक या गावाचे नाव घेतात, त्यांच्याही घडणीत हेच कॅल्शियम आहे. घराण्याच्या एका शाखेने रत्न होऊन संग्रहालयात बसावे आणि दुसरीने आमच्या नळाच्या तोंडावर पांढरी खपली होऊन राहावे, यात दोष आमच्या नशिबाचा, आपला नव्हे.

आता घरगुती मामल्याकडे वळतो. न्हाणीघरात साबणाचा पहिला हिस्सा आपला, हा शिरस्ता आम्ही निमूटपणे मान्य केला आहे. आपल्यातील क्षारांचे समाधान होईतो फेसाचा थेंब उमटत नाही, आणि झालेल्या समाधानाची पोच म्हणून बादलीच्या कडेस करड्या रंगाचा चिकट साका राहतो. पांढरे सदरे आपल्या कृपेने अकाली प्रौढ झाले. स्वयंपाकघरात तुरीची डाळ आपल्या सहवासात इतकी करारी बनते की कुकरने कितीही शिट्ट्या मारल्या तरी दाणा शरण येत नाही, कारण आपले कॅल्शियम तिच्या पेशींच्या भिंतींस सांधून धरते. मग खाण्याच्या सोड्याची चिमूट लाच म्हणून द्यावी लागते, किंवा विकतचा जार फोडावा लागतो. अशा रीतीने आमच्या घरात डाळीस विकतचे पाणी आणि घरधन्यास बोअरचे, अशी मानपानाची व्यवस्था रूढ झाली आहे.

गीझरचे प्रकरण मात्र गंभीर आहे. थंड असता आपण अतिशय सभ्य, पारदर्शक, निष्कलंक दिसता. परंतु ऊब लागताच आपल्यातील बायकार्बोनेट विघटित होते, आणि पोटात दडविलेला चुना नेमका आमच्या तापत्या कांडीवर येऊन बसतो. त्या थराची जाडी जसजशी वाढते तसतशी उष्णता आत कोंडते, पाणी कोमट राहते, विजेचे देयक मात्र कढत येते. गच्चीवरील सौरबंबाच्या नळ्यांतही आपण अशीच ठाणी वसविली आहेत. कारागीर आम्लाची बाटली घेऊन येतो, ठाणे उठवितो, आणि पुढल्या भेटीची तारीख स्वतःच सुचवून जातो.

न्यायबुद्धीने एक गोष्ट नमूद करणे प्राप्त आहे. केसगळतीचा आरोप आपणांवर आमच्या घरातून वारंवार होतो. तो मी फेटाळला आहे, कारण माझे तीर्थरूप आयुष्यभर खडकवासल्याचे पाणी पिऊनही चाळिशीतच तुळतुळीत झाले होते. जागतिक आरोग्य संघटनेनेही आरोग्याच्या कारणास्तव आपणांस मर्यादा घातलेली नाही. आपण विषारी नाही. केवळ खर्चिक आहात.

आपल्या विरोधात झालेले उठावही सांगून टाकतो. एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी टाकीत तुरटी फिरविण्याचा आग्रह धरला; गाळ बसला, आपण तसेच उभे. गाळणयंत्र आणले, ते जेवढे पाणी देते त्याहून अधिक मोरीत सोडते. मृदूकरणाचे सयंत्र बसवावे तर त्यास मिठाच्या गोण्या पुरवाव्या लागतात, म्हणजे आपली चाकरी सोडून मिठाची पत्करावयाची.

परंतु आपल्या गादीचा खरा आधार पाषाण नसून कागद आहे, हे मला अलीकडे उमगले. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात दर लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंतचे काठिण्य ग्राह्य. दुसरा स्रोत उपलब्ध नसेल तर मात्र ६०० पर्यंत चालेल, अशी पुरवणी. आमच्या सोसायटीच्या चिटणिसांनी प्रयोगशाळेचा दाखला फलकावर लावला, त्यात आपला आकडा पहिल्या मर्यादेच्या पुष्कळ वर आणि दुसरीच्या किंचित खाली होता, आणि त्याखाली तांबड्या शाईने शेरा होता : ‘नियमात आहे’. अडचणीच्या प्रसंगासाठी दिलेला तो तात्पुरता परवाना आपण वंशपरंपरागत सनद म्हणून दाखल करून घेतलात, याबद्दल आपल्या वकिली चातुर्यास वंदन असो. दुसरा स्रोत नाही म्हणून आपण चालता, आणि आपण चालता म्हणून दुसरा स्रोत कोणी शोधीत नाही. सभेत हा विषय निघाला की चिटणीस फलकाकडे बोट दाखवितात आणि सभा वाहनतळाच्या तंट्याकडे वळते.

सबब तहाचे कलम एकच सुचवितो : नळ, बादल्या, सदरे आणि साबणाचा पहिला हिस्सा आपणांकडे पूर्ववत चालावा, गीझर तेवढा सोडावा. उत्तराची तसदी घेऊ नये, कारागीर पुढल्या खेपेस झाकण उघडील तेव्हा आपला अभिप्राय दिसेलच.

कळावे. आपला लोभ आहेच. तो थोडा कमी व्हावा, ही विनंती.